माउलीकडे नेमकं काय मागतात?

मैत्रिणींनो, ४ नोव्हेंबर २०२५ रोजी रोमहून एक बातमी आली होती. येशूची आई मरिया हिला 'सहमुक्तिदात्री' म्हणणं योग्य नाही, असं व्हॅटिकनमधल्या धर्मश्रद्धेचं काम पाहणाऱ्या खात्यानं एका टिपणातून जाहीर केलं. त्या टिपणावर खात्याचे प्रमुख कार्डिनल व्हिक्टर मॅन्युएल फर्नांडेझ यांची सही आहे आणि त्याला पोप लिओ चौदावे यांची मान्यता आहे. टिपणाचं नाव लॅटिन भाषेत आहे. मराठीत सांगायचं तर 'श्रद्धावंत जनतेची आई'.

तुम्ही म्हणाल, रोममध्ये एका शब्दावरून झालेल्या या वादाशी अंबड, परतूर, भोकरदनच्या बायकांचं काय देणंघेणं? पण आहे. कारण या मरियेला आपण सगळ्या ओळखतो, फक्त तिचं नाव आपल्याकडे वेगळं आहे. आपण तिला मतमाउली म्हणतो. श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला सप्टेंबरमध्ये जी मोठी यात्रा भरते, ती हिचीच. हरेगाव म्हणजे एकेकाळी बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्यामुळे नावाजलेलं गाव. ८ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिवस मानतात. त्या सुमारास महाराष्ट्रातून माणसं तिथं लोटतात, काही जण पायी येतात. आधी नऊ दिवस प्रार्थना चालते, तिला नोव्हेना म्हणतात. आपल्या मराठवाड्यातूनही गाड्या भरून जातात, आणि त्या गाड्यांत बसलेल्या सगळ्याच काही ख्रिस्ती नसतात.

मुंबईत वांद्र्याच्या टेकडीवर हीच मरिया मोत माउली होते. तिथलं आजचं चर्च १९०४ सालचं. सप्टेंबरमध्ये तिथं आठवडाभर जत्रा असते. मेणाचे हात, पाय, बाळं, घरं विकायला असतात. ज्याचा हात दुखतो तो मेणाचा हात वाहतो, ज्याला घर हवं तो मेणाचं घर वाहतो. आपल्याला हे काही नवं नाही. नवस आपल्या रक्तातच आहे!

आमच्या महिला मंडळात आणि बचत गटांत सगळ्या जातीधर्मांच्या बायका आहेत. त्यामुळे या विषयावरचे प्रश्न मी कितीदा तरी ऐकलेत. 'यांच्यात मूर्तिपूजा नाही म्हणतात, मग ही बाई मेणबत्ती कुणापुढे लावते?' 'ती त्यांची देवी का?' 'मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय?' विचारणारीच्या मनात कधी नुसतं कुतूहल असतं, कधी टोमणा असतो. आणि हल्ली धर्माचं नाव निघालं की आवाज लगेच चढतो. म्हणून म्हटलं, हा विषय एकदा नीट समजून घेऊ. ज्यांच्याबरोबर आपण हप्ते भरतो, हळदीकुंकवाला आणि बारशाला जातो, त्यांच्या मनात काय आहे ते तरी कळेल.

बेथेलची आणि हरेगावची

पहिली गोष्ट. 'ख्रिश्चन' म्हटलं की आपण सगळ्यांना एका टोपलीत टाकतो. आपल्या जालन्यात तर हा घोटाळा हमखास होतो. जालन्याजवळचं बेथेल तुम्हाला माहीत असेल. एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश मिशनचे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी ही वस्ती वसवली. जमीन मिळाली ती निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून. ही परंपरा प्रॉटेस्टंट. त्यांच्या चर्चमध्ये मरियेची मूर्ती नसते आणि तिच्यापुढे मेणबत्ती लावत नाहीत. त्या घरातल्या बाईला तुम्ही विचारलंत, 'तुम्ही हरेगावला जात नाही का?' तर ती बिचारी काय उत्तर देणार?

मतमाउलीला मानतात ते मुख्यतः कॅथलिक. आपला जिल्हा कॅथलिक चर्चच्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत १९७७ साली झाला. शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालं आहे. कॅथलिक घरात जपमाळ असते, येशूच्या तसबिरीशेजारी मरियेची तसबीर असते, आणि मुलींच्या नावात मरिया किंवा मेरी हमखास येतं. दोघांचा येशू एक, बायबल बहुतांशी एक. पण मरियेचा मान किती राखायचा यावर त्यांच्यात पाचशे वर्षांचा वाद आहे.

आता कॅथलिक मंडळी स्वतः काय म्हणतात ते ऐका. आराधना फक्त देवाची. संतांना मान. मरियेला सगळ्या संतांहून अधिक मान, पण तोही मानच. त्यांच्या शास्त्रात या तिन्हींना वेगवेगळे शब्द आहेत. मरियेपुढे हात जोडणारी बाई, शास्त्राप्रमाणे, 'तू मला दे' असं म्हणत नसते. 'तू माझ्यासाठी देवाकडे प्रार्थना कर' असं म्हणत असते. आपण नवरात्रात अंबडच्या मत्स्योदरीला जातो तेव्हा तिला साक्षात शक्ती मानून ओटी भरतो. ती स्वतःच देणारी. मरिया मात्र कॅथलिकांच्या लेखी माणूसच आहे. नाझरेथ गावची एक मुलगी. तिचा मान मोठा, पण ती देव नाही. कुणाची श्रद्धा मोठी आणि कुणाची छोटी हा इथे प्रश्नच नाही. दोन्हींची जात वेगळी आहे, एवढं लक्षात घेतलं तरी निम्मे गैरसमज मिटतात.

बायबलमध्ये ती किती आहे?

मी धर्मशास्त्राची विद्यार्थिनी नाही, साधी बी. ए. झालेली गृहिणी आहे. पण मराठीत बायबल वाचायची सोय उत्तम आहे. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं. एका बाईनं एकटीनं एवढं काम उपसावं, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. अलीकडच्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' लिहिलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. हेच फादर २०२० साली उस्मानाबादला झालेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २०२४ मध्ये ते गेले. त्याच्याही कितीतरी आधी, १६१६ साली, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज माणसानं मराठी ओव्यांमध्ये 'ख्रिस्तपुराण' लिहिलं आणि स्वर्गाला चक्क वैकुंठ म्हटलं. म्हणजे मरियेची कथा आपल्या भाषेत येऊन चारशे वर्षं झाली!

वाचायला बसलं की पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की मरियेबद्दलचा मजकूर फार थोडा आहे. संत पौलाच्या पत्रांत तर येशू स्त्रीपोटी जन्मला एवढाच उल्लेख, तिचं नावही नाही. सगळ्यात जास्त सांगतो तो लूक, पहिल्या दोन अध्यायांत.

देवदूत येतो, तिला देवाच्या कृपेनं भरलेली म्हणून हाक मारतो आणि तुला मुलगा होईल असं सांगतो. ती मुकाट मान डोलावत नाही. आधी विचारते, हे कसं होईल? मला पुरुषाचा संबंध नाही. उत्तर ऐकून घेते, मगच होकार देते. कॅथलिक लोक या होकाराला फार महत्त्व देतात, आणि मला ते पटतं. आपल्याकडे आजही मुलीला न विचारता तिचं लग्न ठरतं. इथं देवसुद्धा विचारून घेतो आहे!

पुढचा प्रसंग तर आपण सगळ्यांनी वाचण्यासारखा आहे. मरियेचं योसेफाशी लग्न ठरलेलं आहे, झालेलं नाही. आणि तिला दिवस राहिलेत. त्या काळच्या नियमशास्त्रात वाग्दत्त मुलगी परपुरुषाबरोबर गेली असं ठरलं, तर तिला दगडांनी मारण्याची शिक्षा लिहिलेली होती. योसेफही तिला गुपचूप सोडून द्यायचा विचार करत होता, असं मत्तय सांगतो. अशा वेळी ही पोर कुठं जाते? डोंगराळ भागात राहणाऱ्या आपल्या नात्यातल्या एका वयस्क बाईकडे, अलीशिबेकडे. ती बाई दारात तिला 'कुणाचं आहे?' असं विचारत नाही. ती तिला धन्य म्हणते आणि जवळ घेते. मरिया तिथं तीन महिने राहते.

मी ज्या कामात आहे त्यात अशा मुली आमच्यापर्यंत येतात. कुणी शाळा सोडलेली, कुणी ऊसतोडीच्या फडावरून परतलेली. त्यातल्या ज्यांना घरात किंवा नात्यात एखादी अलीशिबा भेटते, त्या सावरतात. जिला भेटत नाही तिचं काय होतं, ते आपण वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत वाचतो. म्हणून मरियेची भक्ती म्हणजे नुसती मेणबत्ती, असं मला वाटत नाही. या कथेत प्रत्येक मोहल्ल्यातल्या मोठ्या बाईसाठी एक काम सांगितलेलं आहे.

कॅथलिकांची जपमाळ जिच्यावर फिरते त्या प्रार्थनेचा पहिला भाग याच दोन प्रसंगांतून आला. देवदूताचं नमन आणि अलीशिबेचा आशीर्वाद. दुसरा भाग, म्हणजे आम्हा पाप्यांसाठी आता आणि मरणाच्या वेळी प्रार्थना कर ही विनंती, चर्चनं नंतर जोडली. आजचं रूप पक्कं झालं ते सोळाव्या शतकात. म्हणजे निम्मी प्रार्थना शास्त्रातली आणि निम्मी परंपरेतली.

त्या भेटीत मरिया एक गाणं म्हणते. मऊ, गोड अंगाईगीत असेल अशी आपली कल्पना. पण त्यात ती म्हणते ते भलतंच आहे. देवानं गर्विष्ठांची दाणादाण केली, सत्ताधाऱ्यांना आसनावरून खाली ओढलं, दीनांना वर उचललं, भुकेल्यांना पोटभर दिलं आणि धनवानांना रिकाम्या हातानं परत पाठवलं, असा त्याचा आशय. मार्टिन ल्यूथर, ज्याच्यापासून प्रॉटेस्टंट चळवळ सुरू झाली, त्यानंही १५२१ साली या गाण्यावर भाष्य लिहिलं होतं. म्हणजे मरिया प्रॉटेस्टंटांना नकोशी होती असं नाही, वाद तिच्याकडे मागणं मागायचं की नाही याचा होता.

बाळ झाल्यावर देवळात अर्पण देण्याची रीत होती. मरिया आणि योसेफ पक्ष्यांची जोडी देतात. नियमशास्त्र सांगतं की कोकरू परवडत नसेल तर दोन पक्षी चालतील. म्हणजे घर गरीब होतं. मूर्तीवरचा सोनेरी मुकुट पाहताना ही दोन पाखरं आठवावीत.

पुढे योहानाच्या शुभवर्तमानात काना गावच्या लग्नाची गोष्ट आहे. पंगतीतला द्राक्षारस संपतो. कुणाच्या लक्षात येतं? मरियेच्या! लग्नघरात काय कमी पडलं हे बाईलाच आधी कळतं, हे तुम्हाआम्हाला सांगायला नको. ती मुलाच्या कानावर घालते. तो आधी आढेवेढे घेतो. ती वाद घालत नाही, वाढप्यांना त्याचं ऐकायला सांगते आणि बाजूला होते. कॅथलिक लोक म्हणतात, बघा, तिनं शब्द टाकला. प्रॉटेस्टंट म्हणतात, बघा, तिनं त्याचं ऐकायला सांगितलं. दोघंही त्याच पाच-दहा ओळी वाचत असतात.

शेवटी क्रूसाशी ती उभी दिसते. बहुतेक शिष्य पळालेले, बायका मात्र तिथं. येशू तिला आपल्या लाडक्या शिष्याच्या हवाली करतो आणि त्याला तिचा मुलगा म्हणून देतो. कॅथलिक श्रद्धा म्हणते की त्या शिष्याच्या रूपानं तिनं सगळ्यांना पदरात घेतलं. तिथून ती सगळ्यांची माउली झाली. त्यानंतर प्रेषितांच्या कृत्यांत ती शिष्यांबरोबर प्रार्थनेला बसलेली दिसते, आणि तिथून पुढे बायबलमध्ये तिचं नाव येत नाही.

जे बायबलमध्ये नाही

मग तिच्या आईवडिलांची नावं, तिचा जन्मदिवस, तिचं स्वर्गात जाणं, हे कुठून आलं? परंपरेतून. ज्योकिम आणि अन्ना ही तिच्या आईवडिलांची नावं दुसऱ्या शतकातल्या एका पुस्तकात आहेत, ते बायबलमध्ये घेतलेलं नाही. ४३१ साली एफेसस इथल्या धर्मसभेनं तिला ईश्वरमाता हा किताब मान्य केला. तिचा जीव आईच्या पोटात आल्यापासून मूळ पापाचा डाग तिला लागला नाही, हे १८५४ साली पोपनी श्रद्धेचं तत्त्व म्हणून जाहीर केलं. शरीरासह तिला स्वर्गात घेतलं गेलं, हे १९५० साली.

प्रॉटेस्टंट म्हणतात, जे शास्त्रात स्पष्ट नाही ते आमच्यावर बंधनकारक नाही. आणि ते पौलाच्या नावानं तीमथ्याला लिहिलेल्या पत्राकडे बोट दाखवतात. देव आणि माणूस यांच्यामध्ये ख्रिस्त हा एकच मध्यस्थ, असं तिथं म्हटलंय. कॅथलिक म्हणतात, शास्त्र आणि परंपरा दोन्ही मिळून श्रद्धा बनते, आणि आपण एकमेकींना 'माझ्यासाठी प्रार्थना कर' म्हणतोच की, मग तिला म्हटलं तर बिघडलं कुठं? आपल्याला यात निवाडा करायचा नाही. पण दोन्ही बाजूंना आधार आहे आणि दोन्ही बाजूंना विचार केलेली माणसं आहेत, एवढं मान्य करायला काय हरकत?

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. मुसलमान मैत्रिणींनाही ही मरियम परकी नाही. कुराणाच्या १९ व्या अध्यायाचं नावच मरियम आहे, आणि कुराणात नावानिशी आलेली ती एकमेव स्त्री.

आई म्हणजे वशिला नव्हे

आता नोव्हेंबर २०२५ च्या त्या टिपणाकडे येऊ. कॅथलिकांमधला एक मोठा गट कित्येक वर्षं मागणी करत होता, की मरियेला सहमुक्तिदात्री हा किताब अधिकृतपणे द्या. त्यासाठी जगभरातून लाखो सह्या गेल्या. पोप जॉन पॉल दुसरे यांनी हा शब्द काही वेळा वापरलाही होता. पोप फ्रान्सिस यांनी मात्र २०१९ साली साफ नकार दिला. आता त्या खात्यानं अधिकृतपणे सांगितलं, की मुक्तिदाता एकच, ख्रिस्त. तिच्या नावाला हा शब्द लावला की तो झाकला जातो.

ही ओढाताण आजची नाही. १९६३ साली व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेत प्रश्न निघाला, की मरियेवर स्वतंत्र दस्तऐवज करायचा, की चर्चबद्दलच्या दस्तऐवजात तिच्यावर एक प्रकरण घालायचं? १,११४ मतं प्रकरणाच्या बाजूनं पडली, १,०७४ विरुद्ध. फक्त ४० मतांचा फरक! त्या ४० मतांनी मरिया इतर श्रद्धावंतांच्या ओळीत बसली, त्यांच्यात पहिली म्हणून.

टिपणातला एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटला. देवाच्या न्यायाच्या कडकडाटातून आपल्याला वाचवणारी वीजवाहक सळई, अशी मरियेची कल्पना करू नका, असा त्याचा आशय. देवाची दया अपुरी पडते म्हणून आईची दया हवी, असं समजू नका.

मैत्रिणींनो, हे कुठून येतं ते आपल्याला चांगलं माहीत आहे. आपल्या घरांत वडील कडक. सहलीचे पैसे हवेत, पुढं शिकायचंय, मोबाइल हवाय, मुलं वडिलांकडे जात नाहीत. आईला मस्का लावतात. आई बिचारी रात्री जेवणं झाली की त्यांचा मूड बघून विषय काढते. आईची सत्ता म्हणजे काय, तर निरोप पोचवण्याची सत्ता! आणि तहसीलमध्ये काम असलं की साहेबाच्या ओळखीचा माणूस शोधायचा. तेच चित्र आपण देवघरात नेतो. बाप रागीट, आई मऊ, आईमार्फत वशिला लावला की काम होणार. फक्त कॅथलिकच असं करतात असं थोडंच आहे? आपणही कमी नाही.

रोमचं म्हणणं असं, की बाप बहिरा नाही. मरिया जवळची आहे, आई आहे, ती तुमच्यासोबत प्रार्थना करते. पण खिडकीवरचा दलाल म्हणून तिच्याकडे जाऊ नका. मला हे बाईच्या बाजूचं वाटलं. आईला नुसती मधली बाई करून ठेवलं की तिचं स्वतःचं बोलणं ऐकायची गरजच उरत नाही. आणि मरिया तर बोललेली आहे, सत्ताधाऱ्यांना खाली ओढणाऱ्या देवाचं गाणं ती गायली आहे.

याच्या पुढे एक नाजूक गोष्ट आहे. हरेगावला, वांद्र्याला, तमिळनाडूतल्या वेलांकण्णीला नवस बोलणाऱ्या कित्येक जणींचं एकच मागणं असतं, मूल. सासरचे टोमणे, डॉक्टरांच्या फेऱ्या, सगळं झालं की बाई माउलीपुढे पदर पसरते. लूकच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. गर्दीतली एक बाई ओरडून येशूला म्हणते, की तुला जन्म देणारी कूस धन्य. येशू म्हणतो, त्याहून जे देवाचं वचन ऐकून पाळतात ते धन्य. कॅथलिक धर्मगुरू याचा अर्थ असा सांगतात, की मरिया आधी ऐकणारी होती, मग आई झाली, आणि तिचा खरा मोठेपणा त्या ऐकण्यात आहे. म्हणजे स्वतः मतमाउलीचा मुलगाच सांगतोय, की बाईची धन्यता तिच्या कुशीवर मोजू नका. मूल नसलेल्या माझ्या मैत्रिणींनो, हा प्रसंग कुणी तुम्हाला वाचून दाखवला होता का? आणि ज्या सासवा सुनेला घेऊन यात्रेला जातात, त्यांना?

मग यात्रेला जायचं की नाही?

मला विचाराल तर ज्याची त्याची इच्छा. टिपणानं लोकांच्या भक्तीवर बंदी घातलेली नाही, उलट साध्या माणसांच्या मायेचा मान राखला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये याच खात्यानं वेलांकण्णीबद्दल एक पत्र लिहिलं होतं. तिथं इतर धर्मांची माणसंही मोठ्या संख्येनं येतात आणि त्यांना दिलासा मिळतो, याला धर्मांची सरमिसळ समजू नये, असा त्याचा सूर होता. म्हणजे तुमच्या शेजारणीबरोबर तुम्ही हरेगावच्या गाडीत बसलात तर रोमला राग नाही. आपल्याकडे कुणाला राग का यावा?

जी बाई घरात कुणाशी बोलू शकत नाही, ती तिथं दोन तास मोकळी रडते. त्या रडण्याला नावं ठेवायचा हक्क मला नाही, तुम्हालाही नाही. मी तिला एवढंच सांगते, की माउलीला सांगून झालं ना, आता आम्हालाही सांग. नवरा मारत असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहे, त्यासाठी अर्ज लिहून देते. ताप असेल तर मेणाच्या हाताबरोबर दवाखान्याचा कागदही हातात हवा. काना गावात मरियेनंही नुसती प्रार्थना केली नाही. आधी रांजण भरायला माणसं कामाला लागली, मगच द्राक्षारस झाला.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत कुणी पुन्हा विचारलं, 'ही त्यांची देवी का?', तर उत्तर तुमच्याकडे आहे. नाही, ती त्यांची आई आहे. ती स्वतः देत नाही, त्यांच्यासोबत मागते. आणि बेथेलच्या मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणेल, आम्ही थेट येशूकडेच मागतो. दोघी एकाच गटात हप्ता भरतात, एकीच्या कर्जाला दुसरी जामीन राहते. सवड मिळाली तर लूकचे पहिले दोन अध्याय वाचा. दुपारच्या अर्ध्या तासात होतात. वाचून झाले की आपल्या ख्रिस्ती शेजारणीला त्यातलं काही विचारा. ती नक्की चहा टाकेल.